ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायचाय: डिझेल की गॅस? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. यंदा यलोस्टोनला हॉटेल नको, आपला स्वतःचा ट्रेलर घेऊन जाऊ. ट्रेलर पसंत पडतो, मग तो ओढणार कोण हा प्रश्न येतो, आणि तिथून 'डिझेल घे रे, आयुष्यभराची चिंता मिटेल' आणि 'कशाला उगीच, गॅस बस्स झाला' असे दोन तट पडतात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की इथला गॅस म्हणजे पेट्रोल, सीएनजी नव्हे.

सुरुवात कुठून करू? आधी ट्रक बघू की इंजिन?

दोन्ही नाही. आधी ट्रेलर. तोही रिकामा नाही, भरलेला. विक्रेता सांगतो ते 'ड्राय वेट' मनातून काढून टाका. त्यात पाणी नसतं, स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर नसतात, बॅटरी बऱ्याचदा नसते, आणि तुमचा प्रेशर कुकर, तांदळाची पिशवी, खुर्च्या, मुलांच्या सायकली तर नसतातच. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच वाढले. ट्रेलरवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणून आकडा छापलेला असतो, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. हिशोब त्या आकड्यावर करा. २५ ते २८ फुटांचे साधे ट्रॅव्हल ट्रेलर बहुतेक ६,५०० ते ८,००० पौंडांच्या घरात येतात. ट्रकच्या बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, अडकणारे फिफ्थ व्हील ट्रेलर १०,००० ते १६,००० पर्यंत सहज जातात.

जाहिरातीत लिहिलंय, हा ट्रक १३,००० पौंड ओढतो. माझा ट्रेलर ७,००० चा. मग प्रश्न कुठे येतो?

प्रश्न ड्रायव्हरच्या दारात येतो. दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. त्यावर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा तुमच्या त्या एका ट्रकचा पेलोड. त्याच मॉडेलच्या शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा वेगळा असतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, गरम-थंड होणाऱ्या सीट्स हे सगळं त्यातूनच वजा झालेलं असतं. जितका ट्रक महागडा, तितका पेलोड कमी, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

आता ट्रेलर नुसता मागे लटकत नाही, तो ट्रकवर दाबतोही. ट्रकमागच्या बॉलला अडकणाऱ्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे त्या जोडणीवर, पडतं, आणि ते पडायलाच हवं, नाहीतर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवू लागतो. एक चार माणसांचं कुटुंब घ्या. हाफ-टन क्रू कॅब (चार दारांचा पिकअप; हाफ-टन म्हणजे काय ते पुढे येतंच), स्टिकरवर १,४८० पौंड. ट्रेलर भरून ६,८०० चा, त्याचे १३ टक्के म्हणजे ८८४. आई, वडील, दोन मुलं मिळून ४८०. वजन वाटून देणारा हिच ९०. बेडमध्ये कूलर, सायकली, लाकडं, हत्यारांची पेटी १५०. बेरीज १,६०४. म्हणजे १२४ पौंड जास्त झाले, तरी जाहिरातीतला १३,००० चा आकडा अजून म्हणतोय, की निम्मीच क्षमता वापरलीत!

त्याच उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले असतील तर आणखी ३०० मिळवा.

म्हणून ट्रक बघायला जाताना आधी दार उघडून स्टिकरचा फोटो काढा, मग सीटवर बसा. विक्रेत्याला याचा थोडा राग येतो, येऊ द्या.

मग कंपन्या खोटे आकडे देतात का?

नाही. पूर्वी ज्याला जे वाटेल ते छापायचं. आता जे२८०७ नावाचं एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक आहे, आणि आकडे त्यावर ठरतात. त्यातली प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावरची आहे: ११ मैलांहून थोडा जास्त चढ, १०० अंश फॅरनहाइटची गरमी, एसी पूर्ण जोरात, आणि ट्रकने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. टोयोटाने हे मानक सगळ्यांत आधी स्वीकारलं, बाकीचे मागाहून आले. आकडा खरा आहे. पण त्या परीक्षेत ट्रकमध्ये १५० पौंडांची दोनच माणसं बसलेली असतात, आणि ट्रकही शक्यतो साधा, कमी सजवलेला. तुमच्या घरातली गर्दी त्या गणितात धरलेलीच नसते.

हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन म्हणजे नक्की काय?

जुनी नावं आहेत, टनांशी आता काही संबंध राहिलेला नाही. फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टंड्रा हे हाफ-टन. एफ-२५० आणि बाकीच्यांचे २५०० हे थ्री-क्वार्टर, एफ-३५० आणि ३५०० हे वन-टन. डिझेल की गॅस हा खरा सवाल थ्री-क्वार्टरपासून पुढे सुरू होतो. हाफ-टनमध्ये तो जवळपास सुटलेलाच आहे, त्याबद्दल पुढे.

डिझेलमध्ये असं आहे तरी काय, की सगळे त्याच्यासाठी वेडे असतात?

जोर, म्हणजे टॉर्क, आणि तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांत (आरपीएम). फोर्डच्या सुपर ड्यूटीत मिळणारं ७.३ लिटरचं गॅस इंजिन ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पाउंड-फूट टॉर्क देतं. त्याच ट्रकमधलं ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल ४७५ हॉर्सपॉवर देतं, म्हणजे फार फरक नाही, पण टॉर्क १,०५०, दुपटीहून जास्त. शेव्ही-जीएमसीचं ६.६ ड्युरामॅक्स ९७५ आणि रॅममधलं कमिन्स १,०७५ पर्यंत जातं. हा टॉर्क १,६००-१,८०० फेऱ्यांतच हातात येतो. गॅस इंजिनला तेच काम करायला ४,००० च्या पुढे पळावं लागतं.

दुसरी गोष्ट उंचीची. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० ने निघालात तर आयझेनहॉवर बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी तुम्ही ११,१५८ फुटांवर असता. तिथे आपल्या ४३० हॉर्सपॉवरपैकी २९० च्या आसपास उरलेले असतात, आणि ट्रेलर मात्र खाली होता तेवढाच जड. डिझेलला टर्बो असतोच, त्यामुळे त्याला ही उंची फारशी जाणवत नाही. टर्बोवाल्या गॅस इंजिनालाही, उदाहरणार्थ फोर्डच्या ३.५ इकोबूस्टला, ती कमी जाणवते. डिझेलवाले हे सांगायचं सोयीने विसरतात.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही: उतार. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नला जाताना सुमारे ८ मैलांत २,००० फुटांहून जास्त खाली उतरायचं असतं, वाटेत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढ बांधून ठेवलेले दिसतात. डिझेल ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोमधली पाती मिटतात, इंजिनातून बाहेर जाणारा धूर अडतो आणि इंजिनच गाडीला मागे खेचू लागतं. क्रूझ ४५ वर लावा, ट्रक त्याच वेगाने खाली उतरतो, पायाला काम जवळपास नाही. गॅस ट्रकमध्ये टो-हॉल मोड गिअर खाली टाकून इंजिनाने ब्रेक लावतो, आणि दहा गिअरच्या नव्या ट्रकांत ते काम चांगलं होतं. पण १२,००० पौंड मागे असताना मधूनमधून ब्रेक दाबावाच लागतो, आणि दाबून धरला तर तापतो. टेक्सास, इलिनॉय किंवा फ्लोरिडाच्या सपाटीवर राहणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग वर्षातून एखाद्या वेळी. कोलोरॅडो, युटा, वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्याला दर शनिवार-रविवारी.

गॅस ट्रक चढावर फार ओरडतो. इंजिन फुटेल का?

नाही फुटणार. ४,५०० फेऱ्यांवर ओरडणं हे त्याचं कामच आहे, तो त्यासाठीच बनवलाय. मागे बसलेल्या आजीला मात्र हे आधी सांगून ठेवा.

गॅसच घेणार असाल तर मागच्या ॲक्सलचा रेशो बघून घ्या. ३.५५ आणि ४.३० मध्ये (मोठा आकडा ओढायला बरा) ओढण्याच्या बाबतीत मोठा फरक पडतो, आणि किमतीत फारच थोडा. विक्रेत्याच्या लॉटवर उभे असलेले ट्रक बहुतेक कमी रेशोचे असतात, कारण त्यांना मायलेज बरं मिळतं.

डिझेल शेवटी स्वस्तच पडतं ना? मायलेज जास्त, इंजिन टिकाऊ...

हा गैरसमज आपल्याकडून, म्हणजे भारतातून, सामानासोबत आलाय. तिकडे वर्षानुवर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, म्हणून 'जास्त रनिंग असेल तर डिझेल' हा नियम अंगवळणी पडला. अमेरिकेत बहुतेक वेळा उलटं असतं. केंद्राचा करच गॅसवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे.

हिशोब मांडून बघू. हेवी-ड्यूटी ट्रकवर मायलेजचा सरकारी स्टिकर नसतो, ईपीए हे केंद्राचं पर्यावरण खातं एवढ्या जड गाड्यांना तो लावत नाही, म्हणून रस्त्यावर साधारण मिळतात ते आकडे धरू. गॅस: मोकळा १४, ट्रेलरसकट ८ मैल प्रति गॅलन. डिझेल: १८ आणि ११. गॅस ३.२० डॉलर, डिझेल ३.८० डॉलर, तुमच्या गावचे भाव घालून बघा. वर्षाला १२,००० मैल, त्यातले ४,००० ट्रेलर घेऊन. गॅसचे होतात ३,४२९ डॉलर, डिझेलचे ३,०७०, अधिक डीईएफचे (धूर स्वच्छ करायला डिझेल ट्रकमध्ये घालायचं द्रावण, त्याबद्दल पुढे) ८० च्या आसपास. वाचले वर्षाला पावणेतीनशे डॉलर. आणि डिझेल इंजिनासाठी शोरूममध्ये जास्तीचे दिले सुमारे दहा हजार.

छत्तीस वर्षं लागतील वसूल व्हायला.

बरं, जास्त पळवू. वर्षाला ३०,००० मैल, त्यातले २०,००० ट्रेलरसकट, म्हणजे धंदाच ओढण्याचा. तरीही वर्षाला हजार डॉलर वाचतात, दहा वर्षांत कुठे बरोबरी होते. त्यात डिझेलचं ऑइल बदलायला १० ते १३ क्वार्ट तेल लागतं, गॅस ट्रकला ७-८. इंधनाचे फिल्टर वेगळे. विकताना डिझेलचे काही हजार जास्त येतात हे खरं, आणि तेवढाच त्यातला दिलासा. कर्ज काढून घेणार असाल तर ७ टक्के व्याजाने सहा वर्षांसाठी त्या दहा हजारांचा हप्ता महिन्याला १७० डॉलर होतो. म्हणजे महिन्याचा हप्ता १७०, महिन्याची बचत २३.

डिझेल वजनासाठी घ्या, डोंगरासाठी घ्या, एक्झॉस्ट ब्रेकसाठी घ्या, आवाज आवडतो म्हणून घ्या. पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका.

डिझेल ट्रक जास्त वजन वाहतो, बरोबर?

ओढतो जास्त, वाहतो कमी. डिझेल इंजिन आणि त्याच्यासोबतचा लवाजमा गॅसच्या मानाने बराच जड असतो. थ्री-क्वार्टर ट्रकचं एकूण वजन बऱ्याचदा १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, कारण त्याच्या वर गाडी वेगळ्या वर्गात मोडते. त्या दहा हजारांत इंजिनानेच जास्त जागा खाल्ली की तुमच्यासाठी उरतं कमी. एकाच मॉडेलच्या गॅस आणि डिझेल ट्रकच्या स्टिकरमध्ये पाचशे ते आठशे पौंडांचा फरक मी स्वतः लॉटवर वाचलाय.

याचा परिणाम बघा. १४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील घेतलात, तर त्याचं २० टक्के वजन ट्रकच्या बेडवर येतं, म्हणजे २,८००. सजवलेल्या डिझेल एफ-२५० किंवा २५०० चा स्टिकर २,३०० च्या आसपास असू शकतो. ट्रेलर ओढण्याची ताकद भरपूर, पण त्याला पाठीवर घ्यायची परवानगी नाही. मोठं फिफ्थ व्हील डोक्यात असेल तर थेट वन-टन घ्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, किमतीतला फरक इंजिनाच्या फरकापुढे किरकोळ असतो.

ऑफिसला रोज सहा मैल जातो आणि वर्षातून चारदा ट्रेलर. डिझेल चालेल?

चालेल, पण त्याला आवडणार नाही. २००७ पासून या ट्रकांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की इंजिन त्याला तापवून काजळी जाळून टाकतं, याला रीजन म्हणतात. त्यासाठी वीस-तीस मिनिटं हायवेवर सलग धावणं लागतं. सहा मैलांच्या प्रवासात इंजिन जेमतेम गरम होतं तोवर पार्किंग येतं. रीजन अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. असं महिनोन्‌महिने चाललं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुढचं बोलणं वर्कशॉपमध्ये होतं, तेही हजारांत. ट्रेलर ओढणाऱ्या डिझेलला हा त्रास जवळपास होत नाही. त्याला श्रम मानवतात, आराम मानवत नाही.

डीईएफ हे दुसरं प्रकरण. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. निळ्या टोपणाच्या टाकीत घालायचं, इंधनाच्या दोन-तीन टक्के संपतं, ओढताना थोडं जास्त. भारतात बीएस-६ आल्यापासून तिकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांनाही ते लागतं, त्यामुळे नाव अनोळखी नाही. अडीच गॅलनचा डबा महाग पडतो, ट्रक स्टॉपच्या पंपावर तेच निम्म्या भावात मिळतं. फिनिक्समधल्या तापलेल्या गॅरेजमध्ये डबे साठवून ठेवू नका, सतत ३० अंश सेल्सियसच्या वर ते खराब होत जातं. संपत आलं तर ट्रक आधी बराच वेळ बजावतो, मग वेग कमी करतो.

आणि चुकूनही डीईएफ डिझेलच्या टाकीत घालू नका. दोन्ही टोपणं शेजारी-शेजारी असतात. रात्री, पावसात, मागे हॉर्न वाजत असताना भल्याभल्यांची गफलत होते.

एक मेकॅनिक म्हणाला, हे डीपीएफ-डीईएफचं सगळं काढून टाकतो, 'डिलीट' करतो. ट्रक मस्त पळेल.

पळेल, आणि बेकायदेशीर असेल. क्लीन एअर ॲक्ट या केंद्राच्या कायद्याखाली त्याला मनाई आहे. याच कायद्याखाली उत्सर्जनाच्या चाचण्यांना चकवणाऱ्या यंत्रणेच्या आरोपावरून कमिन्स या इंजिन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. इंजिनं रॅमच्या २५०० आणि ३५०० मधली. कॅलिफोर्नियात डिझेलचीही स्मॉग तपासणी होते, तिथे डिलीट केलेला ट्रक नावावर करून घेता येत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच. जुना ट्रक बघताना विक्रेता डोळा मारून 'डिलीटेड आहे' म्हणाला, तर तो दुर्गुण समजा.

पण डिझेल इंजिन पाच लाख मैल चालतं म्हणतात.

इंजिनाचं लोखंड चालतं. त्याच्याभोवतीचं सामान नेहमीच चालतं असं नाही: टर्बो, इंजेक्टर, ईजीआर कूलर, सेन्सर, हाय-प्रेशर पंप. सीपी४ नावाचा इंधनपंप आतून झिजून धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पाठवायचा, मग पूर्ण इंधनव्यवस्थाच बदलावी लागायची. २०२१ मध्ये रॅमने २०१९-२०२० चे असे दोन लाखांहून जास्त कमिन्स ट्रक परत बोलावले आणि जुना सीपी३ पंप बसवून दिला. वापरलेला डिझेल घेताना त्यात कुठला पंप आहे, आणि रिकॉलचं काम झालंय का, हे चेसिस नंबर टाकून बघा.

शिवाय स्वतःला विचारा, तुम्ही पाच लाख मैल चालवणार आहात का? वर्षाला बारा हजारांनी चाळीस वर्षं होतात. तोवर ट्रेलर ओढायची हौस नातवंडांकडे गेलेली असेल. आजचं साधं गॅस व्ही-८ नीट सांभाळलं तर दोन लाख मैल आरामात जातं, आणि बिघडलंच तर कुठल्याही गावातला मेकॅनिक त्याला हात लावतो.

आम्ही मिनियापोलिसला राहतो. थंडीचं काय?

डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते गोठून फिल्टर तुंबवतं. तुमच्याकडच्या पंपांवर हिवाळ्यात वेगळं मिश्रण येतं, त्यामुळे तिथेच भरलेलं डिझेल सहसा अडत नाही. अडचण येते ती टेक्सासमध्ये डिसेंबरात टाकी भरून उत्तरेला निघालात तर. वाटेत अर्धी टाकी झाली की पुन्हा भरत चला आणि डिझेल गोठू न देणाऱ्या अँटी-जेलची बाटली सोबत ठेवा. रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावायचा. डीईएफही १२ अंश फॅरनहाइटला गोठतं, पण त्याची टाकी गरम करायची सोय ट्रकमध्ये असते. गॅसवाल्यांना यातलं काहीच नाही.

हाफ-टनमध्ये डिझेल मिळतं का?

फोर्डने एफ-१५० मधलं डिझेल २०२१ मध्ये बंद केलं, रॅमने इकोडिझेल २०२३ मध्ये. उरलं जीएमचं ३.० लिटर ड्युरामॅक्स, सिल्व्हराडो आणि सिएरा १५०० मध्ये: ३०५ हॉर्सपॉवर, ४९५ पाउंड-फूट. गोड इंजिन आहे. सहा हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन हायवेवर दिवसभर चालायला याच्याइतकं सुखाचं काही नाही, आणि मोकळं असताना मायलेजही छान. पण पेलोडचा स्टिकर हाफ-टनचाच. आणखी एक, ऑइल पंपाचा बेल्ट इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, म्हणजे गिअरबॉक्स उतरवूनच बदलावा लागतो. सुरुवातीच्या ट्रकांना तो दीड लाख मैलांना बदलायला सांगितलाय, नंतरच्यांना दोन लाखांना. लाख-सव्वा लाख मैल झालेला स्वस्तात मिळाला तर हा खर्च डोक्यात धरा.

आणि हायब्रिड?

साडेसहा हजारांच्या आतला ट्रेलर असेल तर जरूर बघा. एफ-१५० चं पॉवरबूस्ट ५७० पाउंड-फूट देतं, टंड्राचं ५८३, आणि टर्बो असल्यामुळे डोंगरातही दमत नाही. पॉवरबूस्टमध्ये ७.२ किलोवॅटचा जनरेटर ट्रकमध्येच मिळतो. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकर, दिवे आणि चहाचा अर्न एकाच ट्रकवर चालतात. मात्र बॅटरीचं वजनही पेलोडमधूनच जातं; पुन्हा स्टिकर.

मंडळाचं सामान न्यायला बंद ट्रेलर भाड्याने घेतो. त्याला काय लागेल?

यू-हॉलचा सहा बाय बाराचा बंद ट्रेलर गच्च भरला तरी ४,४०० पौंडांच्या वर न्यायचा नसतो. कुठलाही हाफ-टन गॅस ट्रक चालेल. यासाठी डिझेलचा विचार करणाऱ्या कार्यकारिणीने ते पैसे ढोल-ताशांवर घालावेत.

वेगळं लायसन्स लागतं का?

राज्यावर आहे. बहुतेक ठिकाणी ट्रक-ट्रेलर मिळून २६,००० पौंडांपर्यंत नेहमीचं लायसन्स चालतं. कॅलिफोर्निया कडक आहे: १०,००० पौंडांच्या वरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं, आणि १०,००० ते १५,००० च्या फिफ्थ व्हीलला लायसन्सवर वेगळा शेरा. शिवाय तिथे ट्रेलर ओढताना कमाल वेग ५५. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांपासून सक्तीचे असतात, काही राज्यांत त्याच्याही आधी.

घाईत डिझेलमध्ये गॅस भरला तर?

इंजिन सुरू करू नका. किल्लीला हातही लावू नका, टो बोलवा. टाकी रिकामी करून काम भागतं. सुरू केलंत तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं जाऊ शकतं. हिरवी नळी म्हणजे डिझेल, असं समजून चालू नका: बहुतेक पंपांवर ते खरं असलं तरी बीपीच्या पंपांवर हिरवी नळी गॅसची असते. नळीचा रंग नाही, पाटी वाचा.

घ्यायच्या आधी खात्री कशी करायची?

स्टिकर, मग वजनकाटा. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, पंधरा-वीस डॉलरमध्ये पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. ट्रेलर आधीच असेल तर मित्राच्या ट्रकला जोडून, प्रवासाला जाताना भरता तसाच भरून, टाकीत पाणी ठेवून काट्यावर न्या. आकडे बघून बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो.

घरचं दारही मोजा. क्रू कॅब एफ-२५० आखूड बेडचा असला तरी २५० इंच लांब असतो, म्हणजे जवळपास २१ फूट. नेहमीच्या गॅरेजचं शटर त्याच्यामागे बंद होत नाही, आणि कॉलनीच्या नियमांत रस्त्यावर ट्रक उभा करायला बंदी असेल तर पत्रं यायला लागतात.

तुम्ही सरळ सांगा, आम्ही काय घ्यावं?

ट्रेलर भरून ६,००० च्या आत, माणसं चार: हाफ-टन गॅस, टर्बो किंवा हायब्रिड. सात ते दहा हजार आणि बहुतेक सपाटी: थ्री-क्वार्टर गॅस. हा पर्याय लोक सगळ्यांत कमी बघतात आणि मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना तोच बसतो. पेलोड भरपूर, भाव आवाक्यात, रोज ऑफिसला नेला तरी तक्रार नाही. दहा हजारांच्या वर, किंवा आठ हजार पण दर महिन्याला रॉकी पर्वतात: डिझेल, आणि फिफ्थ व्हील असेल तर वन-टन डिझेल. निवृत्त होऊन सहा-सहा महिने रस्त्यावर राहणारी जोडपी डिझेल घेतात ते बरोबरच करतात.

मधल्या सीमेवर असाल, तर गॅस घ्या आणि उरलेल्या पैशांतले हजार-बाराशे चांगल्या हिचवर, ट्रेलरच्या टायरांवर आणि टायरमधली हवा दाखवणाऱ्या यंत्रावर घाला. हायवेच्या कडेला उभे दिसणारे ट्रेलर इंजिनापेक्षा टायरामुळे जास्त उभे असतात.

आई-बाबांना ट्रेलरमध्ये बसवून नेता येईल का? तिथे सोफा आहे, आडवं होता येतं.

नाही. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये चालत्या गाडीत माणसं बसवायला बहुतेक राज्यांत मनाई आहे; काही राज्यं फिफ्थ व्हीलमध्ये अटींसह परवानगी देतात, पण सोफ्याला पट्टे नसतात आणि वरची कपाटं खिळे-स्टेपलने ठोकलेली असतात. सहा जण जायचे असतील तर पुढे दोन सीटच्या मध्ये तिसरी सीट असलेला साधा ट्रिम (मॉडेलची आवृत्ती) मागा. एफ-२५० चे एक्सएल आणि एक्सएलटी, तसेच बाकी कंपन्यांचे खालचे ट्रिम असे मिळतात. ते स्वस्तही असतात, आणि त्यांच्या दारातल्या स्टिकरवर आकडाही मोठा असतो.